मराठी टंकलेखनासाठी अर्गोनॉमिक कीबोर्ड घ्यावा का? उजवे मनगट करंगळीच्या बाजूने दुखते आहे

मात्रावेलांटी (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते आणि गेली १८ वर्षे घरूनच मराठी अक्षरजुळणीचे काम करते. सकाळचे दोन तास सियागंजातील एका व्यापाऱ्याचे हिशेब टॅलीवर भरण्यात जातात, आणि उरलेला दिवस मराठी मजकुरात जातो. श्रावण लागला की दिवाळी अंकांची हस्तलिखिते येऊ लागतात, आणि तेव्हापासून अंक छापखान्यात जाईपर्यंत रोज सात-आठ तास बोटे थांबत नाहीत. टंकलेखन मी इनस्क्रिप्ट पद्धतीने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारी प्रमाण कळमांडणीने करते आणि कळांकडे पाहावे लागत नाही.

गेल्या चार महिन्यांपासून माझे उजवे मनगट करंगळीच्या बाजूने दुखते आहे. सकाळी त्रास नसतो, दुपारनंतर सुरू होतो, आणि संध्याकाळी पोळ्या लाटताना दुखणे कोपरापर्यंत चढते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. क्ष-किरण चित्रात काही निघाले नाही. त्यांनी मनगटाला पट्टा दिला आणि हाताला विश्रांती द्यायला सांगितले. पट्टा मी वापरते आहे, पण हंगाम तोंडावर असताना विश्रांती कुठून आणायची, हे मला समजत नाही.

माझा कीबोर्ड साधा, सरळ, अंकांचा वेगळा भाग असलेला आहे, आणि तो टेबलाच्या सरकत्या फळीवर असतो. जेल रोडवरील एका दुकानात मधून फुगलेला आणि दोन बाजूंना उतरता असा अर्गोनॉमिक कीबोर्ड पाहिला. किंमत माझ्या महिन्याच्या मिळकतीच्या मानाने बरीच होती. त्यावर मराठी इनस्क्रिप्ट चालेल का, या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला देता आले नाही, आणि त्याने खोक्यातून काढून त्यावर चार ओळी लिहून पाहू दिल्या नाहीत.

असा कीबोर्ड घेतल्याने माझे दुखणे कमी होण्याची खरोखर शक्यता आहे का, आणि असल्यास केवळ वळणदार घ्यावा की दोन तुकड्यांत विभागलेला? या विषयावर जे काही वाचायला मिळते ते इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी असते. रोज मराठी लिहिणाऱ्या कुणी असा कीबोर्ड वापरला असेल, तर त्यांचा अनुभव मला हवा आहे.

हस्तोपचार (इंदूर)

ताई, मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे आणि हात व मनगट यांचे रुग्ण रोज पाहते. इथे लिहून निदान होत नाही, त्यामुळे पुढचे सारे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

पहिली गोष्ट म्हणजे मुंग्या येतात का आणि आल्यास कोणत्या बोटांना येतात, हे तुम्ही लिहिलेले नाही. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू बधिर होत असेल, विशेषतः रात्री त्यामुळे जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातील मध्यवर्ती चेतातंतू दाबला जात असल्याचा संशय घ्यावा लागतो. यालाच कार्पल टनेल म्हणतात. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडील बाजू बधिर होत असेल तर तो चेतातंतू वेगळा असतो, आणि तो बहुधा कोपरापाशी दाबलेला सापडतो. कोपर बराच वेळ दुमडलेले राहिले किंवा टेबलाच्या कडेवर टेकले की हा त्रास वाढतो. बधिरपणा मुळीच नसून केवळ दुखत असेल, तर मनगटाच्या करंगळीकडील कडेने जाणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, थकली असण्याची शक्यता अधिक असते. चेतातंतूचा त्रास असेल, पकड ढिली पडून हातातून वस्तू निसटत असतील, तर कीबोर्डचा विचार बाजूला ठेवून आधी पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

आता कीबोर्डकडे येते. सरळ कीबोर्डवर हात ठेवले की मनगटाला तीन गोष्टी कराव्या लागतात. दोन्ही हात एका अरुंद पट्टीवर आणायचे असल्यामुळे मनगटे बाहेर, म्हणजे करंगळीच्या दिशेने वळतात. तळवे पूर्ण पालथे करावे लागल्यामुळे कोपरापासूनची दोन हाडे एकमेकांवर पिळली जातात. आणि कीबोर्डची मागची बाजू उंच असली, तर बोटे वर नेण्यासाठी मनगट मागे वाकते. विभागलेला कीबोर्ड पहिला दोष कमी करतो, मधून उंच केलेला दुसरा कमी करतो, आणि पुढची कड उंच व मागची खाली असा उतार तिसरा कमी करतो. ही कल्पना नवी नाही. जर्मनीत क्लोकेनबर्ग यांनी १९२६ मध्येच टंकयंत्राच्या कळा दोन भागांत विभागून बाजूंना उतरत्या कराव्यात असे मांडले होते.

तुमचे दुखणे करंगळीच्या बाजूचे आहे, म्हणून पहिला दोष तुमच्या बाबतीत महत्त्वाचा ठरू शकतो. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विभागलेल्या कीबोर्डवर मनगट अधिक सरळ राहते हे मोजून दाखवता येते, परंतु त्यामुळे आजार बरा होतोच, असे त्याच ठामपणे म्हणता येत नाही. कार्पल टनेलच्या रुग्णांसाठी अर्गोनॉमिक साधनांचा २०१२ साली कॉक्रन आढावा, म्हणजे उपलब्ध वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास झाला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या दोनच चाचण्या मिळाल्या, त्यांत मिळून १०५ रुग्ण होते, आणि उपयोग होतो की नाही हे ठरवण्यास तो पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणून मी माझ्या रुग्णांना कीबोर्ड औषध म्हणून घ्यायला सांगत नाही. मनगटावरचा ताण कमी करणाऱ्या अनेक उपायांपैकी तो एक आहे, आणि त्यातला सर्वांत खर्चिक आहे.

खर्च नसलेले उपाय आजच करून पाहावेत. कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय उघडे असतील तर ते मिटवून टाका, कारण त्यांच्यामुळे मनगट मागे वाकण्याशिवाय काही साधत नाही. खुर्ची इतकी वर घ्या की कोपर कळांच्या पातळीवर किंवा किंचित वर येईल. आपल्याकडची टेबले साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात आणि बुटक्या व्यक्तीला ती हमखास उंच पडतात. खुर्ची वर घेतल्यावर पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा. तुमच्या सरकत्या फळीची उंची बहुधा ठीक असेल, पण त्या फळीवर माउसला जागा नसते आणि तो वर टेबलावर ठेवावा लागतो. तुमच्याकडे तसे असेल तर उजवा हात दिवसभर पुढे आणि बाहेर ताणला जातो, आणि तो ताण कितीही चांगला कीबोर्ड घेतला तरी जात नाही. मनगटाखालची गादी केवळ थांबताना टेकण्यासाठी असते. लिहिताना मनगट तिच्यावर दाबून ठेवू नका.

जुनारेमिंग्टन (इंदूर)

मी न्यायालयात लघुलेखक होतो आणि निवृत्त झालो त्याला बरीच वर्षे झाली. हिंदी टंकलेखन रेमिंग्टन टंकयंत्रावर शिकलो आणि पुढे अनेक मुलांना शिकवले. कीबोर्ड घेऊ नका असे मी म्हणणार नाही, परंतु यंत्र बदलण्यापूर्वी हाताची सवय तपासावी असे मला मनापासून वाटते.

जुन्या टंकयंत्रावर कळ जड असे आणि ती खोलवर दाबावी लागे, तरीही आमच्या कचेरीत मनगटाचा पट्टा बांधलेला माणूस मला आठवत नाही. याचे कारण आम्ही अधिक बळकट होतो असे नाही. ओळ संपली की घंटी वाजायची आणि डाव्या हाताने दांडी ओढून गाडा मागे न्यावा लागायचा. पान संपले की कागद काढून कार्बन लावून नवा कागद चढवायचा. बोटांना दर ओळीला क्षणभर आणि दर पानाला मिनिटभर सक्तीची विश्रांती मिळत असे. मनगट टेकवायला जागाच नसल्यामुळे हात अधांतरी राही आणि दूरची कळ गाठायला पूर्ण हात हलत असे. संगणकावर मनगट एका जागी रोवून बोटे ताणण्याची सवय लागते, आणि सर्वांत आखूड बोट म्हणजे करंगळी, म्हणून ती सर्वांत जास्त ताणली जाते.

ताई, तुम्ही एक दिवस स्वतःच्या हाताकडे पाहा. डाव्या हाताच्या कळेबरोबर शिफ्ट लागते तेव्हा ती उजव्या हाताने दाबता की डाव्याच हाताची करंगळी वाकडी करता? उजव्या बाजूच्या टोकाच्या कळा दाबताना पूर्ण हात सरकतो की एकटी करंगळी ताणली जाते? दर अर्ध्या तासाने घड्याळ लावून दोन मिनिटे उठण्याने पानांची संख्या कमी होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

सुपरकॉरिडॉर (इंदूर)

मी सुपर कॉरिडॉरवरील एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करतो, सहा वर्षांपासून विभागलेला कीबोर्ड वापरतो आणि घरी मराठीतही नियमित लिहितो, तेही इनस्क्रिप्टमध्येच. म्हणून हा प्रश्न वाचल्यावर सविस्तर लिहावेसे वाटले.

इनस्क्रिप्ट कोणत्याही कीबोर्डवर चालते. कीबोर्ड संगणकाला केवळ अमुक जागची कळ दाबली गेली एवढेच कळवतो, त्या कळेचे मराठी “क” करायचे की इंग्रजी “k”, हे संगणकातील भाषेची मांडणी ठरवते. कळांवर मराठी अक्षरे छापलेली नसतील, पण तुम्हाला ती पाहण्याची गरजच नाही.

आता मुख्य मुद्दा. दुकानात जे वळणदार कीबोर्ड मिळतात त्यांची सारी जाहिरात मनगटाच्या कोनावर असते, आणि हस्तोपचार ताईंनी लिहिल्याप्रमाणे तो कोन खराच आहे. पण मराठी इनस्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या उजव्या करंगळीचा त्रास कोनापुरता नाही. इनस्क्रिप्टची मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण म्हणून ठरवली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ती आली. स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, हे तिचे तत्त्व आहे. व्यंजन आणि मात्रा आलटून पालटून येत असल्यामुळे दोन्ही हात ताल धरतात आणि वेग सुंदर मिळतो. परंतु व्यंजने उजवीकडे मावेनाशी झाली की ती कडेला जातात. ज, ड, च, ट आणि य या पाचही कळा, म्हणजे इंग्रजी पी पासून पुढच्या, उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. एंटर आणि बॅकस्पेस तिथेच आहेत.

आता मराठी लिहून पाहा. “च्या” या एका जोडाक्षरासाठी च, पाय मोडण्याचे चिन्ह, य आणि काना अशा चार कळा लागतात, आणि त्यांतील च व य या दोन्ही उजव्या करंगळीच्या आहेत, एक मधल्या ओळीत आणि दुसरी खालच्या ओळीत. “त्याच्या” लिहिताना ती तीनदा धावते. “जायचे” या शब्दात ज, य आणि च ही तिन्ही व्यंजने तिचीच आहेत, ती वरच्या, खालच्या आणि मधल्या अशा तीन वेगवेगळ्या ओळींत आहेत, आणि य नंतर च तर लागोपाठ येतो. आपल्या भाषेत षष्ठीचा प्रत्ययच चा-ची-चे-च्या असल्यामुळे हे एखाद्या वाक्यापुरते नसून प्रत्येक ओळीत घडते. हिंदीत त्या जागी का-की-के येते आणि क उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, मधल्या ओळीत, म्हणजे बोटे जिथे टेकलेली असतात त्या घरच्या ओळीत आहे. हिंदी टंकलेखकाला ही मांडणी जितकी सुखाची वाटते तितकी मराठी टंकलेखकाला वाटत नाही, याचे कारण मला यात दिसते.

याहून मोठा भार शिफ्टचा आहे. अ, आ, इ, ई, ए, ओ हे सारे स्वतंत्र स्वर डाव्या हाताच्या कळांवर शिफ्टसह आहेत. योग्य पद्धतीने लिहिणारा माणूस डाव्या कळेसाठी उजवी शिफ्ट वापरतो, म्हणजे पुन्हा उजवी करंगळी. “आहे” मध्ये एकदा. “आणि” मध्ये दोनदा, कारण ण सुद्धा डावीकडे शिफ्टसह आहे. मी स्वतःच्याच एका लेखातील एक पान हाताने मोजले, तेव्हा उजवी करंगळी प्रत्येक ओळीत सरासरी डाव्या करंगळीच्या दुपटीहून अधिक वेळा चालली होती. ही माझ्या एका पानाची मोजणी आहे, नियम नव्हे, पण तुम्हीही मोजून पाहा. काकांनी सांगितलेली शिस्त ताई आधीच पाळत असतील, तर त्या शिस्तीमुळेच त्यांची उजवी करंगळी अधिक राबते आहे, हे मी आदराने नोंदवतो.

म्हणून केवळ वळणदार कीबोर्ड घेतल्यास तुमचे मनगट सरळ होईल, पण करंगळीचे फेरे तेवढेच राहतील. तुम्हाला हवा तो दोन सुट्या तुकड्यांचा, अंगठ्यांखाली तीन-चार कळा असलेला आणि कळांचे काम बदलता येणारा कीबोर्ड. अंगठा हे हातातले सर्वांत बलवान बोट असून साध्या कीबोर्डवर दोन्ही अंगठ्यांना मिळून एक स्पेसबार दिलेला असतो. अंगठ्याला अधिक कळा द्याव्यात हा विचार ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांच्या माल्ट्रॉन कीबोर्डात १९७० च्या दशकातच आला होता. मी डाव्या अंगठ्याखाली शिफ्ट, उजव्या अंगठ्याखाली स्पेस, आणि त्यांच्या शेजारी एंटर व बॅकस्पेस ठेवले आहेत. हा बदल कीबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत साठवला जातो, त्यामुळे संगणकाला शिफ्ट दाबली गेली एवढेच कळते आणि इनस्क्रिप्टला काहीही धक्का लागत नाही. असे कीबोर्ड आपल्या दुकानांत सहसा मिळत नाहीत, परदेशातून मागवल्यास सीमाशुल्क पडते, आणि सारे मिळून पाच आकडी रक्कम होते. देशातील हौशी मंडळी सुटे भाग जोडून असे कीबोर्ड तयार करतात, ते तुलनेने स्वस्त पडतात.

वळणदारच घ्यायचा असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. लॉजिटेकच्या अर्गो के८६० सारखा कीबोर्ड मनगटाच्या गादीसह सुमारे २३ सेंटिमीटर खोल असतो. तुमच्या सरकत्या फळीची खोली आधी मोजा, नाहीतर तो टेबलावर ठेवावा लागेल आणि उंचीचा प्रश्न नव्याने उभा राहील. दुसरे म्हणजे केवळ मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग असलेला आहे म्हणून कीबोर्ड अर्गोनॉमिक होत नाही. त्याची कळ हलकी असू शकते, पण तो उंच असतो आणि मनगट मागे वाकवतो.

पैसे घालण्यापूर्वी एक प्रयोग करता येतो. घरात किंवा शेजारी पडलेला दुसरा साधा कीबोर्ड आणा आणि दोन्ही एकाच वेळी संगणकाला जोडा. डावा हात एकावर, उजवा हात दुसऱ्यावर ठेवा आणि दोन्ही कीबोर्ड हाताच्या रेषेत किंचित तिरके करा. डावीकडचा शक्यतो अंकांचा भाग नसलेला छोटा असावा. विंडोजमध्ये एका कीबोर्डवर दाबलेली शिफ्ट दुसऱ्या कीबोर्डच्या अक्षराला लागू होते, त्यामुळे सारे काम सुरळीत चालते. खांद्याइतक्या अंतरावर हात ठेवून लिहिल्याने काही फरक पडतो का, हे दोन आठवड्यांत समजेल. त्याचबरोबर विंडोजमधील स्टिकी कीज ही सोय सुरू करा. तिच्यामुळे शिफ्ट दाबून धरावी लागत नाही, एकदा दाबून सोडली की पुढच्या अक्षराला ती लागते, आणि त्यामुळे ती दाबायला पूर्ण हात मोकळेपणी नेता येतो. यातल्या कशालाही एक रुपया लागत नाही.

दांडियाबाजार (वडोदरा)

वडोदऱ्यातून लिहितो. मी मराठी आणि गुजराती दोन्ही इनस्क्रिप्टमध्ये लिहितो. दोन्ही लिप्यांत क, त, च यांच्या जागा एकच असल्यामुळे वरचे करंगळीचे निरीक्षण मला लगेच पटले. गुजरातीत षष्ठीला नो-नी-नुं येते आणि न डाव्या तर्जनीखाली आहे, त्यामुळे दिवसभर गुजराती लिहूनही हात थकत नाही, आणि मराठी पत्रव्यवहार असला की उजवी बाजू जड होते. आजवर मला याचे कारण सापडत नव्हते.

एक सूचना. विभागलेल्या कीबोर्डवर व ची कळ, म्हणजे इंग्रजी बी, डाव्या तुकड्यावर असते. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजने उजवीकडे असतात हे मनात ठसल्यामुळे माझ्यासारखे अनेक जण व उजव्या तर्जनीने दाबतात. सरळ कीबोर्डवर ते खपून जाते. विभागलेल्यावर बोट रिकाम्या जागेत पडते. मला ही सवय मोडायला तीन आठवडे लागले.

मात्रावेलांटी (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. हस्तोपचार ताई, मला मुंग्या येत नाहीत आणि रात्री जागही येत नाही, केवळ दुखते. मागचे पाय उघडेच होते, १८ वर्षे मी ते उघडेच ठेवत आले. माउसही वर टेबलावर होता. आज दोन्ही बदलले आणि देवघरातला पाट पायांखाली घेतला.

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हाताकडे पाहिले. शिफ्ट मी नियमाप्रमाणे उजव्या हातानेच दाबते, टंकलेखनाच्या वर्गात तसेच घोटून घेतले होते. मात्र तेव्हा पूर्ण हात हलत नाही, मनगट जागेवर ठेवून एकटी करंगळी ताणली जाते, हे तुमच्या सांगण्यावरून प्रथमच लक्षात आले. मुलाचा जुना छोटा कीबोर्ड कपाटात होता, तो जोडून प्रयोग सुरू करते आहे.

एक शंका राहिली. टॅलीसाठी मला अंकांचा भाग लागतोच. तुकड्यांच्या कीबोर्डला तो नसतो, मग काय करावे?

सुपरकॉरिडॉर (इंदूर)

अंकांचा सुटा छोटा कीबोर्ड स्वतंत्रपणे मिळतो आणि तो महाग नसतो. तो डावीकडे ठेवून डाव्या हाताने अंक भरायची सवय केली, तर उजव्या हाताला सकाळचे दोन तास पूर्ण सुट्टी मिळेल. सुरुवातीला चुका होतील, म्हणून हिशेबाची बेरीज महिनाभर दोनदा तपासावी. ते जमणार नसेल तर उलट करा, अंक उजवीकडे राहू द्या आणि माउस डाव्या हाताला द्या.

मात्रावेलांटी (इंदूर)

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण अर्धवट अनुभव कळवणे मला योग्य वाटले नाही.

पहिले तीन दिवस दोन कीबोर्डांवर वेग निम्म्यावर आला. वडोदऱ्याच्या दादांनी सांगितलेली व ची सवय मलाही होती, आणि “विचार”, “वाचन”, “व्यवहार” असे शब्द आले की हात अडखळत असे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वेग बराचसा परत आला. कोपरापर्यंत चढणारे दुखणे सर्वांत आधी कमी झाले, आणि त्याचे श्रेय मी हातांमधल्या अंतराला आणि माउस खाली आणण्याला देते. मनगटाच्या कडेचे दुखणे मात्र तेवढेच होते.

तिसऱ्या आठवड्यात स्टिकी कीज सुरू केली, आणि खरा फरक तेव्हा पडला. ती मी मुद्दाम नंतर सुरू केली, म्हणजे कशाचा उपयोग झाला ते समजावे. सुरुवातीला शिफ्ट दोनदा दाबली जाऊन ती अडकून बसायची आणि “क” चा “ख” आणि कान्याचा “आ” व्हायचा, म्हणून मुद्रितशोधनाला अधिक वेळ द्यावा लागला. आता हात बसला आहे. संध्याकाळी पोळ्या लाटताना पट्टा लागत नाही. सलग सहा तास लिहिले तर दुखणे अजूनही येते, परंतु रात्रीतून उतरते. दर अर्ध्या तासाचे घड्याळही लावले आहे.

मी माझ्या एका पानाची मोजणीही केली. ती एक कथा होती, संवादप्रधान, आणि तिच्यात “म्हणाली”, “म्हणाला” पुष्कळ होते. तिच्यात करंगळीवरचा भार कमी निघाला, कारण म डाव्या मधल्या बोटाखाली आहे, ह आणि ल उजव्या तर्जनीवर आहेत, आणि करंगळी केवळ ण च्या शिफ्टपुरती लागते. त्यानंतर एक वैचारिक लेख मोजला, ज्यात “समाजाच्या”, “काळाच्या”, “त्यांच्या” यांची रीघ होती, आणि तिथे उजव्या करंगळीचे आकडे जवळजवळ दुप्पट झाले. तेव्हापासून मी दिवसभराच्या कामाची वाटणीच बदलली आहे. वैचारिक लेख सकाळी हात ताजा असताना घेते आणि कथा दुपारनंतर.

अंगठ्याखाली शिफ्ट असलेला तुकड्यांचा कीबोर्ड घ्यायचा असे मी ठरवले आहे, पण दिवाळी अंक छापायला गेल्यानंतर. हंगामात नवी सवय लावून घेणे मला परवडणार नाही. दुकानातला वळणदार कीबोर्ड घेणार नाही.

हस्तोपचार (इंदूर)

हे वाचून बरे वाटले. दुखणे रात्रीतून उतरते हे चांगले लक्षण आहे. ज्या दिवशी ते सकाळीही शिल्लक असेल, त्या दिवशी काम निम्मे करा. पाच आठवडे झाले आहेत, तर आता पट्टा दिवसा काढून मनगटाचे हलके व्यायाम सुरू करता येतील का, हे तुमच्या डॉक्टरांना अवश्य विचारा. पट्टा फार काळ बांधून ठेवल्यास स्नायू दुबळे होतात.

सुपरकॉरिडॉर (इंदूर)

ताई, माझा पहिला तुकड्यांचा कीबोर्ड घरी तसाच ठेवलेला आहे. अंगठ्याला दोन्हीकडे तीन-तीन कळा आहेत आणि शिफ्ट मी सांगितल्याप्रमाणे बसवलेली आहे. दिवाळीनंतर महिनाभर तो वापरून पाहा आणि मगच पैसे घाला. रविवारी मी राजवाड्याकडे येतो तेव्हा रामबागेत आणून देईन. त्यात च ची कळ करंगळीखालून हलवून आत आणावी का, असा विचार मी अनेकदा केला आहे, पण दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर हात चुकेल म्हणून ते धाडस केले नाही. तुम्ही दिवसभर एकाच संगणकावर लिहिता, त्यामुळे तुम्हाला ते करून पाहता येईल. करायचे ठरवलेत तर च आणि प यांची अदलाबदल आधी करून पाहा. प उजव्या तर्जनीच्या आतल्या बाजूला आहे आणि मराठीत तो च इतका वारंवार येत नाही.

मात्रावेलांटी (इंदूर)

नक्की आणा. च आणि प यांचे मी आधी दोन पानांवर मोजून पाहते आणि आकडे इथे लिहिते.